आईची फुंकर

‘पूअर एफर्ट.’ माझ्या आईच्या श्वासाच्या तपासणीच्या रिपोर्टवर खाली हे दोन शब्द छापून आले, तेव्हा मी दादरच्या एका लॅबच्या काउंटरसमोर उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयत्न कमी! कुणाचा? जिनं लालबागच्या एका खोलीत अख्ख्या चाळीचे मसाले भाजून दिले, दोन पोरं वाढवली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं काढलं, त्या बाईचा प्रयत्न कमी?

“अहो, हे काय लिहिलंय?” मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“मॅडम, ते आम्ही नाही लिहीत. मशीन लिहितं.”

घ्या! आता भांडायचं तरी कुणाशी? मागे बाकड्यावर आई बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, इंजेक्शन चुकवलेल्या मुलासारखा चेहरा करून. मी रिपोर्ट पाकिटात कोंबला आणि तिला म्हटलं, चल.

आता मागचं थोडं सांगायला हवं. आई राहते लालबागला माझ्या भावाकडे, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. मी लग्न करून ठाकूरद्वारला आले, त्यालाही आता जमाना झाला. चाळीचा टॉवर होणार, होणार, असं मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. टॉवर काही झाला नाही, लिफ्ट काही आली नाही, जिना तोच. आणि गेली काही वर्षं आई तो जिना एका दमात चढत नाही. दुसऱ्या मजल्यावर थांबते. तिथे एक काकू राहतात, त्यांच्या दारातल्या स्टुलावर टेकते आणि विचारते, “काय वो, पापलेट कसा दिल्यान आज?” काकूंना तेवढंच हवं असतं. मग पापलेट, मग कोळणीची मिजास, मग सुनेचं माहेर, असा काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

भाऊ बाजूने जिना चढत म्हणतो, “आई, चालू दे तुझं गप्पाष्टक. मी जातो वर.”

साऱ्या चाळीत आईची ख्याती काय, तर बाईला गप्पा फार लागतात. दोन मजले चढली की हिला कुणीतरी बोलायला हवंच. आता मला सांगा, गप्पा मारणारी बाई स्वतः काही बोलेल की नाही? आई फक्त विचारते. एक प्रश्न टाकते आणि समोरचीला बोलू देते. तेवढ्या वेळात पदराआड तिची छाती वरखाली होत असते. काकूंचं पुराण संपत आलं की दुसरा प्रश्न. ‘मला दम लागलाय’ हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या घरात बायकांना पाय दुखायचे, कंबर धरायची, डोकं चढायचं. दम लागायचा तो बाबांना, गिरणीतून आल्यावर. बाईमाणसाला दम लागतो, हे आमच्याकडे कुणाला मंजूरच नव्हतं.

तिचा खोकला मात्र सगळ्यांना माहीत होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तिला लाल औषधाच्या बाटल्या दिल्या. “वय झालं आता, चालायचंच.” कुणाचं वय? आई पन्नाशीत होती तेव्हापासून हे वय झालेलं! मग त्यांनी श्वासाचा एक पंप दिला. तो आई मोरीत जाऊन, नळ सोडून घ्यायची, कारण काकूंनी सांगितलं होतं की पंपाची सवय लागते. यंदा तिला ताप आला, उतरला, पण श्वास काही जागेवर येईना, तेव्हा कुठे डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून जरा जास्त वेळ ऐकलं आणि चिठ्ठी लिहून दिली. परळच्या मोठ्या हॉस्पिटलातले छातीचे स्पेशालिस्ट. त्यांची वेळ मिळता मिळता महिना उलटला.

फोनवरच्या बाईने मला सगळं बजावलं. एक्स-रे आणा, श्वासाची तपासणी करून आणा, चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. “आणि पेशंटला काय काय होतं ते नीट सांगता आलं पाहिजे. डॉक्टरांना वेळ नसतो.” वा! डॉक्टरांना वेळ नसतो आणि आम्ही महिनाभर काय, सारीपाट खेळत बसलो होतो? पण मी “हो, हो” म्हटलं. गरज आपली होती.

त्या तपासणीला दादरला गेलो, त्याचीच ही कथा. आत काचेच्या खोलीत आईला खुर्चीवर बसवलं. नाकाला चिमटा लावला, कपडे वाळत घालायला लावतात तसलाच. तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. मास्क लावलेली एक तरुण मुलगी समोर बसली आणि म्हणाली, “आजी, छाती भरून श्वास घ्या आणि जोरात फुंका.” आईने श्वास घेतला आणि फुंकलं. हळू. बारीक. लांबवर. मुलगी ओरडली, “जोरात, आजी! फुंका, फुंका, फुंका!” आई आणखी हळू फुंकायला लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मध्ये खोकल्याची उबळ आली तेव्हा आई पदर तोंडावर धरून त्या मुलीची माफी मागत होती. मी काचेबाहेरून बघत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, “आजी करतच नाहीयेत.”

करतच नाहीयेत! मी तिला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. बिचारीचा तरी काय दोष, दिवसभर तिच्यासमोर माणसं येऊन फुंकत असतात.

घरी आलो. भावाने रिपोर्ट हातात घेतला, आकड्यांवरून नजर फिरवली, त्यातलं त्याला काही कळलं नाही, आणि मग ते दोन शब्द त्याला दिसले. तो हसलाच. “बघ! मी म्हणत होतो ना? मशीनसुद्धा तेच म्हणतंय. आईला काही झालेलं नाहीये गं, तिला जरा लाड करून हवे असतात. मसाले भाजताना बरी ठणठणीत असते.”

तो दुष्ट नाही. आईसाठी दर रविवारी स्वतः मासळी आणतो, तिचा शब्द खाली पडू देत नाही. पण त्याच्या डोक्यात एकदा काही बसलं की बसलं. मी म्हटलं, “तुझ्या मशीनला घाल चुलीत.” वहिनीने मध्ये पडून चहा टाकला म्हणून थांबलो.

आई मोरीजवळ बसून मेथी निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी जायला निघाले तेव्हा गॅलरीत माझ्यामागे आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “नको गो जावया त्या डॉक्टराकडे.”

“का?”

“तो पण तसाच म्हणतलो. घरात म्हणतत ता वेगळा. इतक्या मोठ्या डॉक्टरान पण खोटा म्हटल्यान, तर मी खंय जाव?”

तिला औषधाची चिंता नव्हती, आजाराची नव्हती. तिला भीती होती की शेवटच्या दारातही तिला कुणी खरं मानणार नाही. मी तिला म्हटलं, आपण जायचं, आणि ती तपासणी पुन्हा करायची. अपॉइंटमेंटला एक आठवडा होता. लॅबला फोन केला, थोडी तणतण केली, त्यांनी आदल्या दिवशीची वेळ दिली.

मग सुरू झाली तयारी. आणि काय एकेक तयारी, देवा! मी औषधांची पिशवी भरतेय, जुने एक्स-रे गादीखालून काढतेय, आणि आईची तयारी वेगळीच. तिने ठेवणीतली साडी काढून इस्त्रीला दिली. डोक्यावरून न्हायचा दिवस मोजूनमापून ठरवला. आणि डॉक्टरांसाठी एका बरणीत मालवणी मसाला भरला, वर प्लास्टिक लावून दोरा बांधला. मी म्हटलं, “आई, डॉक्टरकडे चाललीयेस की व्याह्यांकडे?” तर म्हणे, रिकाम्या हातानं कसं जायचं. शिवाय सकाळी निघताना दोनदा पंप घेऊन जायचा तिचा बेत होता, लोकांत खोकायला नको म्हणून! म्हणजे डॉक्टरसमोर ही जाणार न्हाऊनमाखून, हसतमुख, एकही खोकला न काढता. त्यांनी तिला काय म्हणून तपासायचं? तपासणीच्या सकाळी मी पंप काढून माझ्या पर्समध्येच ठेवला. लॅबवाल्यांनीच सांगितलं होतं, तपासणीआधी घ्यायचा नाही.

त्यात काकू वर आल्या. तीन मजल्यांच्या बायकांचा सल्ला घेऊनच आल्या असाव्यात. “सगळं सांगू नका हो डॉक्टरांना, लगेच ॲडमिट करून घेतात.” “ज्येष्ठमध ठेवा तोंडात.” “वरळी कोळीवाड्यातून चिंबोऱ्या आणून सार पाजा, छाती कशी मोकळी होईल बघा.” आई सगळ्याला मान डोलावत होती. मी मनात म्हटलं, चिंबोऱ्यांनी छाती मोकळी होत असती तर त्या हॉस्पिटलात मासळीबाजारच नसता का भरला?

काकू गेल्यावर मी आईला समोर बसवलं. “मी डॉक्टर. काय होतंय, आजी?”

“काय नाय, बरा आसा.”

“बरं आहे तर इथे कशाला आलात?”

“चेडवान हाडल्यान म्हणान इलंय.”

मुलीनं आणलं म्हणून आले! मी कपाळावर हात मारून घेतला. “आई, अगं तो डॉक्टर आहे. त्याला बरं आहे असं सांगायला नाही जायचं. तुला जिना चढवत नाही, तू आडवी झालीस की श्वास कोंडतो, तू उशा रचून बसून झोपतेस, हे सांग.” तर ती म्हणाली, “परक्या बाप्याक झोपण्याचा काय सांगतलय?” मी हात टेकले.

मग मला वाटलं, निदान ते फुंकायचं तरी बघू. जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळून नळी केली आणि म्हटलं, “तिकडे कशी फुंकलीस, दाखव.” आईने नळी दोन्ही हातांत धरली. जरा पुढे वाकली. मान किंचित तिरकी केली, डोळे बारीक केले आणि फुंकलं. हळू, बारीक, लांब, एका धारेत.

मी बघतच राहिले. ती फुंकणी होती! आजोळी चुलीपुढे बसलेली आई मी लहानपणी शंभरदा पाहिली होती, ती अश्शीच बसायची. तिच्या हातात नळी दिली की तिला एकच फुंकणं माहीत, निखारा फुलवायचं.

“जोरात का नाही फुंकत?”

“जोरात फुकल्यार राख उडता गो. भाकरीर बसता.” आणि वर माझ्याकडे असं बघितलं, की एवढंसुद्धा कळत नाही का तुला?

त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये धुमसत होते. मी विचार करत गेले, या बाईनं आयुष्यात जोरात फुंकलंय तरी कधी? दिवा फुंकून विझवायचा नाही, अपशकुन. तो फुलाने शांत करायचा. नातवाच्या वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकू दिल्या नाहीत, तर निरांजन ओवाळलं. शंख फुंकायचा पुरुषांनी. चाळीच्या गणपतीत आरतीला शंख घुमायचा, बायका टाळ्या वाजवायच्या. मी एकदा शिट्टी वाजवली तर आजीने थोबाडीत दिली होती, मुलीच्या जातीने शिट्टी वाजवायची नाही. आणि मसाला! उन्हाळ्यात आई घरात मिरच्या भाजायची, बाबा रात्रपाळी करून त्याच खोलीत झोपलेले. दार लोटलेलं, कारण शेजाऱ्यांना ठसका नको. मिरचीचा खाट उठला की आम्ही पोरं गॅलरीत पळायचो आणि आई आत पदराचा बोळा तोंडात धरून, खोकला गिळत, झाऱ्या हलवत राहायची. बाबांची झोप मोडेल म्हणून. लहानपणी चुलीचा धूर, मग मिरचीचा धूर, वर बाबांच्या विडीचा धूर. सगळ्यांचा धूर हिच्या छातीत, आणि बाहेर सोडायची वेळ आली की ‘हळू, कुणाला त्रास नको’! आणि आता एक मशीन म्हणतं, बाईचा प्रयत्न कमी. जळलं मेलं ते मशीन!

दोन दिवसांनी लालबागला गेले तर आई गॅलरीत सूप घेऊन बसलेली. दाण्याचं कूट करायचं होतं. शेंगदाणे भाजून, हाताने चोळून तिने सुपात घेतले होते. मी चपला काढत होते तेवढ्यात आईने सूप तोंडाजवळ घेतलं आणि, फू! सालं उडाली ती थेट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर.

“आई!” मी ओरडले. “हेच! हेच!”

ती दचकली. सूप हातातून पडता पडता राहिलं. “काय हेच? तुका काय झाला?”

“पुन्हा कर. पुन्हा फुंक.”

“चादर खराब होता गो तेंची.”

“होऊ दे चादर! फुंक!”

मग मी तिला समजावलं. त्या मुलीला चुलीची फुंकर नको आहे, दाण्यांची हवी आहे. पहिला झटका दाण्यांचा, सालं उडवल्यासारखा. आणि तो झाला की लगेच थांबायचं नाही, छातीतला उरलेला सगळा वारा चुलीसारखा शेवटपर्यंत सोडायचा. आधी दाणे, मग चूल. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग पहिल्यांदाच या सगळ्या प्रकरणात तिला हसू आलं. “असा आधी सांगूक काय झाला होता तेंका?” ती म्हणाली. मी तरी कुणाला विचारणार होते?

पुढचे काही दिवस आमच्या घरात दाणेच दाणे. भाऊ कामावरून आला तर फरशीवर सालांचा सडा. “हे काय चाललंय?” “डॉक्टरची तयारी.” त्याने डोळे फिरवले आणि पाय झाडत आत गेला. जेवणात शेंगदाण्याची चटणी, भाजीत कूट, मुलांच्या डब्यात लाडू. पण मी तिच्यासमोर बसून बघत होते म्हणून एक गोष्ट मला दिसली, जी एरवी कुणाला दिसली नसती. एकदा तसं जोरात फुंकलं की आई भिंतीला टेकायची. ओठ काळसर व्हायचे. गळ्याजवळचा खड्डा आत ओढला जायचा. आणि तशातही ती मला विचारायची, “जावई कसे आसत?” मी बोलत बसावं म्हणून. मी एकदा उत्तरच दिलं नाही. नुसती तिचा हात धरून बसले, तर ती अस्वस्थ झाली.

लॅबमध्ये तीच मुलगी होती. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, “मला आत उभं राहू दे, मी काही बोलणार नाही.” आणि अर्थातच बोलले. आईने नाकाला चिमटा लावून घेतला, नळी तोंडात धरली, माझ्याकडे बघितलं. मुलगी म्हणाली, “छाती भरून श्वास, आणि...” मी ओरडले, “आई, सालं उडव!”

काय फुंकलं तिनं! पडद्यावरची रेघ सरसर वर गेली. “अजून, आजी, अजून, अजून,” मुलगी म्हणत होती, आणि मी, “आता चूल, आई, चूल!” त्या मुलीला वाटलं असेल, ह्या दोघींना आधी दुसऱ्याच डॉक्टरकडे न्यायला हवं. आईने पुन्हा केलं, पुन्हा केलं. मग औषध देऊन, थांबून, परत. शेवटी ती इतकी खोकली की मुलीनेच पाणी आणून दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “आता बरोबर आलं, आजी.” या वेळी कागदावर खाली कुठलेच शब्द नव्हते, नुसते आकडे. मी तो कागद लॉटरीच्या तिकिटासारखा घडी घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी परळला भाऊ पण आला, टॅक्सी करून देतो म्हणाला. आई ठेवणीतल्या साडीत, पिशवीत मसाल्याची बरणी. आत गेलो तर डॉक्टर मान खाली घालून लिहीतच होते. पहिला प्रश्न काय? “विडी, तंबाखू, मिश्री?”

आईचा चेहरा असा झाला की जणू तिच्यावर कुणी चोरीचा आळ घातला. “मी? आमचे हे ओढायचे हो. मी नाही.”

मला वाटलं, झालं, आता ही गप्प बसणार आणि मला भांडावं लागणार. पण डॉक्टरांनी मान वर केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “चूल? धूर? घरात काही भाजणं, तळणं?” आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती बोलायला लागली. आधी तुटक, मग सलग. चूल, मिरच्या, लोटलेलं दार. झोपताना उशा रचते, तेही सांगितलं, परक्या माणसाला. डॉक्टर ऐकत होते. फोनवरची बाई म्हणाली होती तेवढी त्यांना घाई दिसली नाही, हेही सांगायला हवं.

मग त्यांनी रिपोर्ट उघडला. जुना नाही, नवा. बराच वेळ बघितला. “कितव्या मजल्यावर राहता?”

“तिसऱ्या.”

“लिफ्ट?”

“नाही.”

डॉक्टर आमच्याकडे वळले, माझ्याकडे आणि मागे उभ्या असलेल्या भावाकडे. “अहो, फुप्फुसांची ही अवस्था आहे आणि या तीन मजले चढतात? कशा चढतात?”

मला, खरं सांगते, आनंद झाला. ओरडावंसं वाटलं, बघ! बघ, काय म्हणतायत! मी भावाकडे वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. आईची फुप्फुसं कामातून गेली हे ऐकून मला आनंद होत होता! ही कसली पाळी आणली आमच्यावर? खरं ठरायला माणसाला एवढं आजारी पडावं लागतं?

आईने भावाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “मी खोटा बोलत नव्हतंय. नाय गो?”

मी तिच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला.

डॉक्टर सांगत होते. हा आजार पूर्ण जाणार नाही, पण ताब्यात ठेवता येईल. पंप रोज घ्यायचा, चोरून नाही, त्याची सवय वगैरे काही लागत नाही. मिरच्या भाजणं आजपासून बंद. “आणि जिन्यावर दम लागला की थांबायचं. कुणाशी बोलायचं नाही. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि ओठांचा असा चंबू करून हळूहळू, लांब, बारीक सोडायचा. करून दाखवा बघू.”

आईने ओठ आवळले, मान किंचित तिरकी केली आणि फुंकलं. हळू, बारीक, एका धारेत. मी बघत होते. त्याच दादरच्या खुर्चीवर, त्याच फुंकरीला, प्रयत्न कमी म्हटलं होतं!

“वा, आजी. तुम्हाला तर येतंच की,” डॉक्टर म्हणाले.

आईने बरणी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर नको नको म्हणत होते. “घ्या हो,” आई म्हणाली, “आता परत मसाला काय करणार नाही मी.” त्यांनी घेतली.

परत आलो तेव्हा चाळीत दुपारची शांतता होती. भाऊ औषधांची पिशवी घेऊन पुढे, मी आईच्या मागे. पहिला मजला झाला. पुढच्या पायऱ्यांवर आई हळू झाली. भाऊ दुसऱ्या मजल्यावर पोचला, सवयीनं वर जायला लागला, दोन पायऱ्या चढून थांबला आणि खाली आला. त्याने काकूंच्या दारातलं स्टूल उचललं, पदपथावरच्या दुकानदारासारखं शर्टाच्या बाहीने पुसलं आणि आईपुढे ठेवलं. आई बसली.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. “आलात? काय म्हणाले डॉक्टर? बसा, मी सांगते तुम्हाला, आज काय झालं...”

एरवी आईने लगेच काहीतरी विचारलं असतं. तिने हात वर केला. पदर बाजूला केला, छाती वरखाली होत होती ती सगळ्यांना दिसत होती, आणि तिने ती झाकली नाही.

“थांबा वो जरा,” आई म्हणाली. “माका दम लागलो.”

काकूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भाऊ पिशवी छातीशी धरून उभा होता. आईने ओठ आवळले आणि बारीक, लांब फुंकर सोडली, मग दुसरी, मग तिसरी. तिचं होईपर्यंत आम्ही सगळे जिन्यात थांबलो.